शेवंताच्या दाखल्यावरचा शेरा

अण्णा,

काल शाळेत तुझी शोकसभा झाली. व्हरांड्यात सतरंज्या घातल्या होत्या, तुझ्या फोटोला झेंडूचा हार होता आणि एकामागून एक माणसं उठून तू किती थोर होतास ते सांगत होती. तंबाखूच्या वखारीचे शेठजी म्हणाले, ‘मुलांचं मन ओळखणारा असा हेडमास्तर निपाणीला पुन्हा मिळणार नाही.’ शोकसभेत टाळ्या वाजवायच्या नसतात हे विसरून दोघाचौघांनी टाळ्याही वाजवल्या. मी पाणी प्यायचं निमित्त करून उठले ती परत गेलेच नाही. वहिनीला वाटलं, मला रडू आवरेना. तिला तसंच वाटू दे. खरं म्हणजे मला इतका राग आला होता की आणखी थोडा वेळ बसले असते तर तुझ्या फोटोशीच भांडले असते.

भांडण अर्धवट टाकून जायची तुझी सवय जुनीच. बोलता बोलता पायात चप्पल सरकवायचास आणि ‘शाळेची वेळ झाली गं’ म्हणून निघायचास. या वेळी जरा लांब गेलास, एवढंच. माझं बोलणं मी थांबवणार नाही. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, थोरल्या भावाबद्दल तर नाहीच नाही, हे मलाही कळतं. पण जिवंत होतास तेव्हाही चारचौघांत मी तुझ्याबद्दल कधी वाईट बोलले नाही, त्याचं काय झालं ते आपण पाहिलंच.

सुरुवात चांगली झाली होती, हे मी नाकारत नाही. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधी दोन वर्षं तू उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याला मानसशास्त्राच्या वर्गाला गेलास आणि ट्रंकभर कागद घेऊन परत आलास. शाळा उघडली त्या दिवशी तू सगळ्या मास्तरांच्या छड्या गोळा केल्यास आणि शिपायाला बंबात घालायला दिल्यास. ‘मूल वाईट नसतं, आजारी असतं,’ असं म्हणालास. ‘अंगातला ताप बघतो तसा मनातला ताप बघता आला पाहिजे. लवकर कळलं तर लवकर बरं होईल.’ म्हातारे मास्तर तोंडावर उपरणं धरून हसत होते. मला मात्र तुझा इतका अभिमान वाटला की घरी येऊन मी शिरा केला. तो शिरा आठवला की आता स्वतःचीच चीड येते.

मग ते स्वभावपत्रक आलं. पिवळा कागद, वीस प्रश्न, प्रत्येकापुढे होय किंवा नाही. मूल वर्गात डुलक्या घेते काय? हात थरथरतात काय? विचारले असता उत्तर न देता एकटक पाहते काय? कारणाशिवाय रडते अथवा संतापते काय? अन्नाचा तिटकारा करते काय? वर्गशिक्षकाने आठवडाभर मुलाकडे पाहायचं, होय-नाही भरायचं, खाली ‘निरीक्षक’ म्हणून सही करायची. बेरीज तू करायचास. बारापेक्षा जास्त ‘होय’ आले की मूल वेगळ्या बाकावर. तीन महिन्यांनी पुन्हा पत्रक, आणि सुधारणा दिसली नाही तर नाव कमी. इंग्रजी पुस्तकातून तू हे सगळं मराठीत आणलंस आणि मराठी मोठं सुरेख केलंस. पण ते पुस्तक लिहिणाऱ्याने निपाणी पाहिली नव्हती, आणि तू अकरा वर्षं निपाणीत राहूनही पाहिली नव्हतीस.

वेगळा बाक तू दाराजवळ ठेवलास, मोकळी हवा लागावी म्हणून. ‘ही शिक्षा नव्हे, विसावा आहे,’ असं तू वर्गावर्गांत फिरून सांगितलंस. मुलांनी दुसऱ्याच दिवशी त्याचं नाव ‘खुळ्यांचा बाक’ ठेवलं. मी तुला ते येऊन सांगितलं तेव्हा तू म्हणालास, ‘मुलं काय, कशालाही नावं ठेवतात.’ मुलं ठेवतात, गाव ती उचलतं, आणि मग ते नाव पोरीच्या लग्नापर्यंत जातं. एवढं कळायला पुण्याला जावं लागत नाही.

त्या वर्षी माझ्या दुसरीच्या वर्गात शेवंता होती. नऊ वर्षांची, सावळी, हातापायांच्या काड्या. दिवाळीपर्यंत ती वर्गात सगळ्यांत बडबडी होती. मी फळ्याकडे वळले की मागे हिचंच हसू ऐकू यायचं. संक्रांतीनंतर ती बदलली. पाटीवर डोकं टेकून पडायची. विचारलं की माझ्याकडे नुसती बघत राहायची. पेन्सिल धरली की बोटं थरथरायची आणि ‘ग’ काढता काढता रेघ पाटीच्या कडेला जायची. मधल्या सुट्टीत भाकरीचं फडकं सोडायचीच नाही. एकदा शेजारच्या मुलीने पाटी ओढली तर शेवंताने तिच्या दंडाला असा चावा घेतला की रक्त आलं. मी पत्रक भरलं. डुलक्या, होय. थरथर, होय. एकटक, होय. संताप, होय. चौदा होय झाले. त्यातला एकही खोटा नव्हता. मी सही केली आणि कागद तुझ्याकडे दिला. वाटलं होतं, आता तू तिला बरी करशील.

तू तिला बाकावर बसवलंस. तीन महिने म्हणजे ऐन चैत्र. दुसऱ्या पत्रकात सोळा आले. तेही मीच भरलं. तू नाव कमी केलंस आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वर्तणुकीपुढे तुझ्या त्या मोत्यासारख्या अक्षरात शेरा मारलास, ‘मनाने अस्थिर, इतर मुलांस अपायकारक.’

तिची आई हौसाबाई दुसऱ्या दिवशी आली. वखारीतून तशीच आली होती, केसांवर आणि पापण्यांवर तांबूस भुकटी. उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली.

‘मास्तर, माजी पोर खुळी न्हाय.’

‘खुळी कोण म्हणतंय, बाई? मनाला थकवा आहे तिच्या. घरी ठेवा, विश्रांती द्या.’

‘घरी? घरात कोन हाय तिला बगायला? मी दिस उगवायच्या आत वखारीत. आता साळंला न्हाय म्हटल्यावर ती बी दिवसभर माज्या संगटच येनार की.’

‘ते तुमचं तुम्ही ठरवा. वर्गात मात्र दुसऱ्या मुलांना इजा व्हायला नको.’

मग ती माझ्याकडे वळली. ‘बाई, तुमी तरी सांगा की. पावसाळ्यात बगा हिला. तवा चिमणीवानी बोलती. ही असं का करती मला बी कळंना झालंय, पन खुळी न्हाय ओ ती.’

पावसाळ्यात बघा, म्हणाली. एका अडाणी बाईने दारात उभं राहून सगळं उत्तर आपल्या हातावर ठेवलं, आणि आपण दोघं शिकलेली बहीणभावंडं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. पावसाळ्यात वखारी बंद असतात, अण्णा.

निपाणीत चार महिने राहिलं की तंबाखूचा वास येईनासा होतो. नवा पाहुणा मोटारीतून उतरला की शिंकून शिंकून बेजार होतो आणि आपण त्याला हसतो. मुलांच्या दप्तरांना तो वास, केसांना तो वास, भाकरीच्या फडक्याला तो वास. कुणाच्या मनातच येत नाही की हा वास येतो म्हणजे ती भुकटी मुलाच्या पोटात चालली आहे. पहाटे आईबरोबर वखारीत जायचं, तंबाखू चाळायची, तिथून शाळेत यायचं, शाळा सुटली की पुन्हा चाळणीवर बसायचं. संक्रांतीपासून पाऊस येईपर्यंत. असं मूल डुलक्या घेणार नाही तर काय करणार? तुझ्या वीस प्रश्नांत मूल नखं खातं का हे होतं. शाळा सुटल्यावर मूल जातं कुठं, हे नव्हतं.

मला हे कळलं तेही माझ्या हुशारीने नव्हे. पुढच्या वर्षी माघात मी शेवंताला परत आणायला वखारीत गेले. म्हटलं, तुला सांगून, हातापाया पडून पुन्हा नाव घालू. हौसाबाईला मुकादम उठू देईना, म्हणून मी तिथेच पोत्यावर बसून राहिले, दुपारभर. तंबाखूच्या भुकटीचा खकाणा असा उडत होता की समोरचं माणूस दिसत नव्हतं. शेवंता तोंडाला चिंधी बांधून चाळत होती. मला बघून तिने चिंधी खाली केली, हसली आणि पुन्हा वर केली. संध्याकाळी मी घरी आले ती भिंत धरत धरत. दोनदा उलटी झाली. सुईत दोरा जाईना इतके हात थरथरत होते. शेजारची काकू बरं वाटत नाही का म्हणून विचारायला आली तर तिच्यावरच खेकसले. आणि तशा अवस्थेत, तांब्याशेजारी बसून, मी तुझं एक कोरं पत्रक घेतलं आणि माझं स्वतःचं भरलं. तेरा आले.

चार दिवस बाकावरच्या मुलांच्या घरी फिरून मग तो कागद घेऊन मी तुझ्याकडे आले होते. आठवतं? तू जेवत होतास. मी म्हटलं, ‘अण्णा, मला वेगळ्या बाकावर बसव. तेरा पडलेत.’ तू कागद वाचलास, हात धुतलेस, आणि म्हणालास, ‘हे लहान मुलांसाठी आहे, मथू. मोठ्या माणसाला लागू होत नाही.’

मी सांगत गेले, तू ऐकत गेलास. त्या बाकावरच्या सात मुलांपैकी सहा वखारीतली, हेही सांगितलं. मी शाळेतून नाही, घरोघर जाऊन विचारून आले होते. तुझा चेहरा उतरला, ते मी पाहिलं. तुला पटलं होतं. आजही मी छातीवर हात ठेवून सांगते, त्या दिवशी तुला पटलं होतं. आणि तरी तू म्हणालास, ‘पत्रकात लिहिलेलं खोटं आहे का काही? हात थरथरत होते ना? चावली होती ना? मग नोंद खरी आहे. खरी नोंद मी खोडणार नाही. आज एक खोडली तर उद्या सगळीच खोटी ठरतील.’

‘मग प्रश्न वाढव,’ मी म्हटलं. ‘एकविसावा प्रश्न घाल. मूल वखारीत जाते काय?’

तू कागदाची घडी घालून माझ्या हातात दिलीस. तसं का केलंस ते मी तोंडावर बोलले. शाळेच्या निम्म्या बाकांवर वखारवाल्या शेठजींचं नाव रंगवलेलं आहे. त्या वेगळ्या बाकावरसुद्धा आहे. शाळा कमिटीत शेठजी तुझ्या उजव्या हाताला बसतात. तो प्रश्न छापला असतास तर दुसऱ्या दिवशी तुझी बदली जांबोटीच्या जंगलात झाली असती. मी हे म्हटल्यावर तू पहिल्यांदा आणि शेवटचा माझ्या अंगावर ओरडलास. ‘मी कुणाला भीत नाही!’ भीत नव्हतास तर ओरडलास कशाला? चोर सोडून संन्याशाला फाशी देताना आवाज एवढा चढवावा लागत नाही.

त्यानंतर आपण बहीणभाऊ राहिलो ते सणावारापुरते. शाळेत ‘सर’ आणि ‘बाई’. भाऊबीजेला मी ओवाळायची, तू ताटात लुगडं ठेवायचास, आणि दोघंही भिंतीकडे बघायचो. शेवंताला मात्र मी सोडलं नाही. दर रविवारी ती माझ्या स्वयंपाकघरात यायची. चुलीपुढे बसून तिने दुसरी केली, तिसरी केली, चौथीची पुस्तकं संपवली. सुट्टीचा दिवस, वखार नाही, आंघोळ केलेली, म्हणजे डोकं ताळ्यावर. एवढी हुशार पोरगी माझ्या हातून दुसरी गेलेली नाही. हे तुला कळावं म्हणून मी मुद्दाम वहिनीकडे बोलायची. तिने तुला सांगितलंच असेल. तू कधी एका शब्दाने विचारलं नाहीस.

तुझ्यावर रागवायचं म्हटलं की एक गोष्ट मध्ये येते. ती आली नसती तर किती बरं झालं असतं. बेळगावात प्लेग आला तेव्हा मी आठ वर्षांची होते आणि तू पंधराचा. गावाबाहेर मच्छ्याकडच्या माळावर झोपड्या घातल्या होत्या, तिथे आई गेली. त्यानंतर वर्षभर मी बोलले नाही. घरात आत्या होती तिला मी चावले. ताट पुढे आलं की लोटून द्यायची. दिवसा धान्याच्या कणगीमागे जाऊन झोपायची आणि कुणी हाक मारली की नुसती बघायची. सगळे म्हणाले, पोरीला बाधा झाली आहे, हिला देवळात नेऊन बांधा. तू नेऊ दिलं नाहीस. तू कणगीमागे येऊन माझ्याशेजारी बसायचास, पुस्तक वाचायचास, काही बोलायचा नाहीस. मग एक दिवस मला मुलांच्या शाळेत नेलंस, मास्तरांच्या पाया पडलास आणि तुझ्याच बाकावर मला बसवून घेतलंस. मुलं हसली, तू मारामाऱ्या केल्यास. पुढे माझा नवरा गेल्यावर मला ट्रेनिंगला पाठवणाराही तूच. मी आज जी कुणी आहे ती तुझ्यामुळे आहे. हे मी कबूल करते, आणि म्हणूनच तुला माफ करणं मला जास्त जड जातं. ज्याला कळतच नव्हतं त्याला माफ करता येतं. तुला कळत होतं.

तू जायच्या आदल्या दिवशी, रविवारी, मी हेच विचारायला आले होते. बेळगावच्या बायकांच्या दवाखान्यात दाईचं शिक्षण देतात, शेवंताने अर्ज केला होता, त्यांनी शाळेचा दाखला मागितला. दाखला बघितला की ते तिला दारातूनच परत पाठवणार. बाळंतिणीच्या खोलीत ‘मनाने अस्थिर, अपायकारक’ पोरगी कोण घेईल? मी तुझ्या खाटेशी बसले. तुझा श्वास लागत होता. तू डोळे मिटून ऐकलंस आणि नेहमीचंच सुरू केलंस, ‘नोंद खरी असेल तर...’ मी तुला पुढे बोलू दिलं नाही. म्हटलं, ‘एक सांग अण्णा. प्लेगाच्या साली तुझ्याजवळ ते पत्रक असतं तर मला किती पडले असते?’

तू डोळे उघडलेस. मग भिंतीकडे तोंड केलंस आणि म्हणालास, ‘मंगळवारी ये. दाखला घेऊन ये.’

सोमवारी दुपारी तू गेलास.

काय करणार होतास मंगळवारी? शेरा खोडणार होतास, की दाखल्यावर बोट ठेवून मला आणखी एकदा खऱ्या नोंदीचं महत्त्व पटवणार होतास? मी रोज दोन्ही गोष्टी मनात खेळवते. सकाळी वाटतं, खोडणार होतास. संध्याकाळपर्यंत तुझा स्वभाव आठवतो. एक दिवस थांबायला काय झालं होतं तुला? जन्मभर वेळेवर शाळेत गेलास, एकदा उशीर केला असतास तर कुणी मस्टरवर लाल फुली मारणार नव्हतं.

मंगळवारी सकाळी शेवंता तुझ्या दारात आली. तिला काही माहीत नव्हतं. मी ये म्हटलं होतं, म्हणून आली होती. धुतलेलं लुगडं, डोक्याला तेल, आणि दाखला फडक्यात बांधून छातीशी धरलेला. दारात माणसं बघून थबकली. कुणीतरी म्हणालं, ‘ती वखारीतली खुळी आली बघा.’ मी बाहेर गेले.

‘मास्तर गेलं व्हय, बाई?’

‘गेले गं.’

तिचे डोळे भरले. मग तिच्या तोंडून निघून गेलं, ‘मग माज्या दाखल्याचं?’ आणि लगेच तिने तोंडावर हात दाबला. ‘चुकलो बाई. असं इचारू न्हाय आता.’

विचारायलाच हवं होतं. त्या घरात त्या दिवशी विचारण्यासारखा तेवढाच एक प्रश्न होता. बाकी सगळे तुला ताप किती होता आणि शेवटचं पाणी कुणी पाजलं हेच विचारत होते.

दहाव्याला कावळा शिवेना. तुझा बाळू घरी येऊन सांगत होता. उन्हात दोन तास सगळे ताटकळले. त्याने आईला सांभाळीन म्हणून सांगितलं, पुस्तकं जपीन म्हणून सांगितलं, धाकट्या बहिणीचं लग्न थाटात करीन म्हणून सांगितलं. कावळे झाडावर बसून बघत होते. शेवटी तुझ्या जागी आलेले देसाई मास्तर पुढे झाले आणि हात जोडून म्हणाले, ‘सर, स्वभावपत्रकं आम्ही बंद पडू देणार नाही.’ आणि म्हणे कावळा झपकन उतरला. वहिनीने पदर डोळ्यांना लावला. मी म्हटलं, दोन तासांनी भुकेला कावळा भातावर उतरला यात तुझ्या इच्छेचं काय आहे? पण खरं सांगते अण्णा, मला वाटलं होतं तू शेवंतासाठी अडून राहिला असशील.

मी देसाई मास्तरांकडे गेले. माणूस वाईट नाही. तुझ्याइतका हट्टी नाही आणि तुझ्याइतका हुशारही नाही. त्यांनी फाईल काढली, पत्रक काढलं, उलटं केलं. मागे तुझे नियम छापलेले. ‘हेडमास्तरांचा शेरा मला बदलता येत नाही,’ ते म्हणाले. ‘एकच वाट आहे. निरीक्षण चुकीचं होतं असं निरीक्षकाने स्वतः लिहून दिलं तर शेरा रद्द होतो.’ मग त्यांनी सही वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि फाईल मिटायला लागले. ‘नको बाई. शाळाखात्याच्या डेप्युटीसाहेबांकडे कागद जाईल. चौकशी लागेल. तुमची पाच-सहा वर्षं उरलीत, नसतं लचांड कशाला?’

हा नियम मला माहीत नव्हता असं म्हणणार नाही. नऊ वर्षं माहीत होता. पण चुकीचं होतं असं कसं लिहू? मी पाहिलं ते खरं पाहिलं होतं. आणि तू असताना लिहून दिलं असतं तर तू कागद माझ्या तोंडावर फेकला असतास, कारण त्या पोरीचे थरथरणारे हात तूही पाहिले होतेस. हे एक कारण. दुसरं कारण नोकरी. नवरा नसलेल्या बाईला नोकरी म्हणजे काय असते ते तुला सांगायला नको. सगळा राग तुझ्या नावावर टाकून मी नऊ वर्षं रविवारची शिकवणी करत बसले आणि सोमवारी पुन्हा नवी पत्रकं भरत राहिले. दर वर्षी भरली मी. हे वाक्य मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही.

मी देसाई मास्तरांचाच टाक घेतला आणि तिथेच बसून लिहिलं. ‘सदर विद्यार्थिनीचे निरीक्षण मी स्वतः केले नाही. कामाच्या कंटाळ्याने ऐकीव माहितीवरून पत्रक भरले. विद्यार्थिनीत नमूद केलेले कोणतेही दोष नव्हते. कै. हेडमास्तर यांनी माझ्यावर विश्वास ठेवून शेरा दिला. त्यांचा यात काहीही दोष नाही.’ त्याच कागदाखाली आणखी एक ओळ घातली की यापुढे मी स्वभावपत्रके भरणार नाही. देसाई मास्तर म्हणाले, ‘बाई, हे खरं आहे?’ मी म्हटलं, ‘कागदावर आहे ना?’

तुझ्या पत्रकातला शब्द न् शब्द खरा होता, आणि त्याने एका पोरीची नऊ वर्षं खाल्ली. माझ्या अर्जात एकही शब्द खरा नाही. तू निर्दोष आहेस, ही ओळ लिहिताना तर टाक इतका दाबला की कागदावर शाईचा थेंब पडला. पण त्या ओळीशिवाय शेरा निघत नव्हता. तेव्हा थोर हेडमास्तर म्हणून फोटोत बस. कामचुकार बाई म्हणून मी राहते. चौकशी पुढच्या आठवड्यात आहे.

आज सकाळच्या सर्व्हिस मोटारीने शेवंता बेळगावला गेली. हौसाबाई वखारीतून अर्धा तास सुटून आली होती. मोटारीला वेळ होता, म्हणून शेवंताने फडकं सोडलं आणि नवा दाखला काढला. एकेका अक्षरावर बोट ठेवत तिने वाचलं, ‘वर्तणूक, स-मा-धा-न-का-र-क.’ तिला सगळं भराभर वाचता येतं, तरी हा शब्द तिने दोनदा तसाच फोडून वाचला. मग माझ्याकडे न बघता विचारलं,

‘म्हंजी मी आता बरी न्हवं, बाई?’

‘आता नव्हे गं. पहिल्यापासून बरी होतीस.’

‘बाकावर बसवलं तवा बी?’

‘तेव्हाही.’

ती रडली नाही. दाखल्याची नीट घडी केली, हौसाबाईच्या पाया पडली, माझ्या पडली आणि मोटारीत चढली. खिडकीतून डोकं बाहेर काढून तिने आणखी एकच विचारलं, ‘मास्तरांस्नी ठावं हुतं?’

ड्रायव्हरने मोटार सुरू केली होती. माझ्याकडून उत्तर झालं नाही. हो म्हटलं असतं तर तू काय होतास ते तिला कळलं असतं, आणि नाही म्हटलं असतं तर ते त्या अर्जानंतरचं माझं दुसरं खोटं झालं असतं. मोटार गेली. अण्णा, एवढं एक उत्तर तुझं तूच द्यायचं होतंस.

तुझी,
मथू